अकरावी माफी

माझ्या मामाला खोटं पचत नाही. त्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातून चाक घेऊन गिऱ्हाईक खुशीत निघालं तरी हा मागून ओरडतो, "थांबा, अजून केसभर आऊट आहे!" पंक्चर सापडलं नाही तर ट्यूब दहादा पाण्यात बुडवेल, पण काहीतरी ठोकून द्यायचं त्याला जमत नाही. अशा माणसाच्या हातून आयुष्यात एकच मोठं खोटं घडलं, आणि तेही भरल्या मैदानात, हजारभर लोकांसमोर!

तेव्हा तो तरुण होता आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहायचा. अंतिम सामना, शेवटचं मिनिट, शून्य-शून्य. गोलसमोर झुंबड उडाली, धुळीचा लोट उठला, आणि चेंडू कुठे गेला ते मामाला दिसलंच नाही. पण मैदान "गोऽऽल!" म्हणून गरजलं आणि याने शिट्टी फुंकली. गोलकीपर अंगावर धावून आला. त्याला सगळे 'भिंत' म्हणायचे, कारण त्याच्या पलीकडे काही जायचं नाही.

"चेंडू रेषेवर होता! तू पाहिलंस?"

"या डोळ्यांनी पाहिलं," मामा म्हणाला.

तीस वर्षं त्याने हे पोटात ठेवलं. मग गेल्या साली त्याचा एक मित्र वारला. दफन आटोपल्यावर इमामसाहेब कबरीपाशी म्हणाले, अल्लाहचा आणि तुमचा मामला अल्लाह बघेल, तो दयाळू आहे. पण माणसाचं काही हिरावलं असेल तर ते त्या माणसाकडून इथेच माफ करून घ्या. कयामतच्या दिवशी कबरीतून उठाल तेव्हा फार उशीर झालेला असेल.

मामा हाताची माती न धुता तडक माझ्या दारात. मी त्याची एकुलती एक भाची, शाळेत शिकवते, चार लोक ओळखते.

"हरलेल्या संघातल्या अकरा जणांचे पत्ते काढून दे. आत्ताच्या आत्ता!"

मला वाटलं, याचं डोकं फिरलं. पण मामापुढे आमच्या घरात कुणाचं चालत नाही. महिनाभर दोघं सायकलवर गावभर हिंडलो. एकाने मामाला मिठी मारली. एकाने विचारलं, "कुठला सामना?" एकाने तर पोटभर जेवू घालून माफ केलं. दहा माफ्या झाल्या! मामाचे पाय जमिनीवर नव्हते. राहिला फक्त भिंत.

भिंतीची आता बेकरी आहे. कोपरापर्यंत पिठात हात घालून तो कणीक तिंबत होता. मामाचं सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसला.

"माफ करू? मी काय वेडा आहे? मी नमाज पढत नाही, तू पाच वेळा पढतोस. कयामतला गुन्हेगाराचं पुण्य ज्याचं नुकसान केलं त्याला मिळतं, म्हणजे तुझ्या नमाजा माझ्या पदरात! आयुष्यात एवढं एकच प्रवचन मी कान देऊन ऐकलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामा मात्र बाहेर आला, सायकलला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मग रोज नमाजेच्या दोन रकात जास्त पढतो. त्याला द्यायला कमी पडायला नकोत."

मी कपाळावर हात मारला. पण त्याने खरंच सुरू केलं, गुडघे दुखत असताना! आठ महिने मी ते पाहिलं आणि एक दिवस राहवेना. बेकरीत जाऊन भिंतीला सगळ्या गिऱ्हाइकांदेखत सुनावलं, "तुमच्यासाठी म्हातारा गुडघे झिजवतोय, पोचतंय का?"

भिंतीला ते खरं वाटेना. म्हणून पुढच्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेला साहेब स्वतः मशिदीत हजर, मामा खरोखर पढतो की नाही ते बघायला! लोक माना वळवून बघत राहिले. त्या दिवशी इमामसाहेबांनी सांगितलं की कयामतला तोंडांवर मोहर लागेल. माणूस एक शब्द बोलू शकणार नाही. त्याचे हात बोलतील आणि पाय साक्ष देतील.

नमाज सुटली. मी मामाच्या दुकानात त्याचा डबा घेऊन बसले होते. मामा येऊन स्टुलावर टेकतो न टेकतो तोच भिंत धापा टाकत आत शिरला, अनवाणी! चपला मशिदीतच राहिल्या होत्या. त्याने दोन्ही तळवे मामासमोर धरले.

"आत होता," तो म्हणाला. "चेंडू आत होता. हातभर आत! धुळीत मी या हातांनी मागे ओढला. गोल खरा होता, आणि मी तीस वर्षं तुला गावभर आंधळा म्हटलं, विकला गेलेला म्हटलं. हे हात तिथे बोलणार रे! मला माफ कर."

मी ताडकन उठले. तीस वर्षं! माझ्या मामाची झोप, त्याचे गुडघे, आणि हा बाबा हसत होता! ठेव याला लटकत, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. मामाचा चेहरा लालबुंद झाला. आता हा पाना फेकून मारतो, असं मला वाटलं.

"माफ केलं," मामा म्हणाला. मी तोंड उघडायच्या आतच. "सगळं माफ. माफीची वाट बघणं कसं असतं ते मला ठाऊक आहे."

भिंत मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. मामा स्टुलावरून उतरून त्याच्यासमोर जमिनीवर बसला.

"आता तू मला कर."

"तुला? कशाबद्दल? अरे, गोल झाला होता!"

"झाला होता," मामा म्हणाला, "पण मी पाहिला नव्हता."