भिंतीवरचं सोनेरी पान

ट्रॉय या अमेरिकन शहरातले आमचे शेजारी काका दिवाणखान्याच्या भिंतीवरची, शोभेच्या वस्तू ठेवायची दोन इंग्लिश ब्रॅकेट्स दाखवताना आवाज खाली आणतात, जणू ती नुकतीच झोपली आहेत. अडीचशे वर्षांचं कोरीव लाकूड, वर सोन्याचा वर्ख, आणि काकांच्या तोंडून त्यांचा न संपणारा इतिहास.

दिवाळीच्या फराळाच्या वेळी एका ब्रॅकेटला माझा खांदा लागला आणि त्यावरचं कोरीव पान तुटून माझ्या हातात आलं. काकांनी ते पाहिलं. दंडाला धरून मला स्वयंपाकघरात नेलं. मी माफीची वाक्यं जुळवत होतो. त्यांनी ड्रॉवरमधून गोंद काढून पानाला लावला.

"गेल्या महिन्यात डस्टिंग करताना मीच तोडून चिकटवलं होतं. काकूला बोलू नकोस. जा, त्याच्या जागी दाबून धर. तोवर मी सगळ्यांना दुसऱ्या ब्रॅकेटकडे वळवतो."

तो इतिहास लांबावा असं मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं. काकांनी तो ऐसपैस लांबवला.