पाय धुण्याचा शनिवार

आडेल्फा नुफाब्ले बावीस वर्षं कॅथलिक सिस्टरांच्या शाळेत पाचवीला विज्ञान शिकवत होती. एवढ्या वर्षांत तिने कोणाला उलटून उत्तर दिलं नव्हतं, आणि ते तिच्या गुणांत धरलं जाई.

शाळा फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या दक्षिण किनाऱ्यावर, आई वर डोंगराकडच्या वस्तीत. चौऱ्याऐंशीची, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. आठवडाभर शेजारची नेनिता तिला भरवायची, कूस बदलायची. पण अंघोळीला म्हातारी परका हात अंगाला लागू द्यायची नाही. रविवारी पोरांना चर्चमध्ये मिस्साला नेण्याचं काम शिक्षकांवर, म्हणून आईच्या वाट्याला फक्त शनिवार.

त्या सप्टेंबरात एक शनिवार खेळांच्या स्पर्धांनी खाल्ला, दुसरा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याने. तिसऱ्यासाठी सूचना लागली: 'कर्मचाऱ्यांसाठी स्वास्थ्य आणि चिंतन दिन. उपस्थिती सक्तीची.'

गुरुवारी ती मुख्याध्यापिका सिस्टर पर्पेतुआंकडे गेली.

"सिस्टर, या शनिवारी मला घरी जायला हवं. आईची अंघोळ राहिलीय."

"अहो मॅडम, हा दिवस तुमच्यासाठीच तर आहे. एक दिवस स्वतःला द्या. आईला आपण प्रार्थनेत ठेवू."

"आणि नाहीच आले तर?"

"गैरहजेरी लागेल. वर तीन पानी चिंतन लिहून द्यावं लागेल."

ती गेली. दारातच सगळ्यांचे फोन एका टोपलीत काढून घेतले. शहरातून आलेल्या तरुण मार्गदर्शकाने गिटारवर दोन सूर छेडले. "डोळे मिटा. खांदे सैल सोडा. स्वतःला विचारा, मी बरी आहे का?"

शेजारी बसलेली तेर्सिता पुटपुटली, "मला काय विचारतोय? घरी तीन दिवसांचं धुणं बादलीत आंबतंय, त्याला विचार म्हणावं."

एरवी आडेल्फा हसली असती.

दुपारी, पानसितच्या शेवया खाऊन झाल्यावर, येशूने शिष्यांचे धुतले तसा पाय धुण्याचा विधी निघाला. सर्वांत जुन्या शिक्षिकेचे पाय सिस्टर स्वतः धुणार होत्या. आडेल्फाला पुढे बसवलं. कोमट पाण्यात गवती चहाची पात, बाजूला कोरा पांढरा टॉवेल. सिस्टरांचे गुडघे दुखरे, दोघींनी धरून त्यांना खाली बसवलं. शाळेचा छायाचित्रकार म्हणाला, "मॅडम, जरा हसा की."

पाऊल पाण्यात टेकलं मात्र, तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिने पाय ओढून घेतला.

"सिस्टर, माझ्या आईच्या अंगाला एकवीस दिवस पाणी लागलेलं नाही. माझे पाय मी सकाळी धुऊन आलेय."

मार्गदर्शक लगबगीने पुढे आला. "मॅडम, मनात येईल ते येऊ द्या. इथे सगळी आपलीच माणसं आहेत."

"तुम्ही गप्प बसा."

"आडेल्फा, बसा," सिस्टर खालून म्हणाल्या. "मागाहून बोलू."

"गुरुवारी बोललो की."

ओल्या पायांनीच तिने बूट चढवले, सगळ्यांसमक्ष टोपली उपसून फोन शोधला आणि वस्तीकडे जाणारी जीपनी गाडी गाठली.

"तीन आठवडे," आई तिला पाहताच म्हणाली. "मला वाटलं, मी मेले आणि मला सांगायचं राहून गेलं."

म्हातारीच्या पाठीवर नाण्याएवढी लालभडक जखम झाली होती. अंघोळ घालताना ती दिसली आणि आडेल्फाचा राग दुप्पट झाला.

"कोणावर दातओठ खातेस?"

"सिस्टरवर."

"मग हात हलका ठेव. पाठ माझी आहे."

सोमवारी टेबलावर कागद आला: तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. तेर्सिताने विनवलं, "एक 'क्षमस्व' टाक गं शेवटी. तुझं काय जातंय?"

"तेच जातंय."

तिने लिहिलं: 'मी आईला अंघोळ घालायला गेले. परवानगी मागितली होती, मिळाली नाही. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा जाईन.'

तिला लेखी ताकीद मिळाली. पण महिन्याभरात आणखी सात जणींनी शनिवारांबद्दल अर्ज दिले. पुढच्या वर्षी चिंतन दिन शुक्रवारी आला, वर्ग बंद ठेवून. सूचनेत लिहिलं होतं की व्यवस्थापनाला कर्मचाऱ्यांची काळजी असल्याने हा बदल केला आहे. ते वाचून आडेल्फाचे कान तापले.

आईची जखम भरायला त्या पहिल्या वर्षीचा नाताळ उजाडला होता. त्याच सुमारास एकदा सिस्टरांनी तिला व्हरांड्यात थांबवून विचारलं, "आई कशी आहे?"

"जिवंत आहे," ती म्हणाली, आणि वर्गाकडे निघून गेली.