शिफ्टर घेऊन ठाण्याला

मृण्मयी, ओंकार,

मंगळवारी सकाळी नऊला मानपाड्याहून ठाण्याची बस धरली. पिशवीत, रुमालात गुंडाळलेला, आजोबांच्या सायकलचा शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) होता. खटका फारच जड दाबला जातो म्हणून रविवारी दुपारी मी तो घरीच उघडला. निघेल तो भाग आप्पेपात्राच्या खळग्यांत क्रमाने ठेवला, जुनं घट्ट ग्रीस टूथब्रशने काढलं, तेल घातलं आणि उलट्या क्रमाने सगळं जोडलं. दाबल्यावर कट् असा छान वाजला. सोमवारी पहाटे थंडीत आजोबा निघाले, तर ठार बंद. सायकल जड गिअरवरच अडकली आणि तो त्यांच्या गुडघ्याला झेपत नाही.

“राहू दे. मी आता कुठे जात नाही,” म्हणाले आणि पेपर घेऊन बसले. ते बसणं मला बघवेना.

शिळफाट्याला बस रेंगाळली. मांडीवरच्या पिशवीवर ऊन आलं होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, “मावशी, दागिना आहे का? केवढं जपताय.”

“सायकलचा भाग आहे.”

“आणि सायकल?”

“घरी. तिचंही तिकीट पडलं असतं.”

कळव्याच्या पुलावरून खाडी दिसली. भरती होती, तिवरांवर (खाडीकाठची झाडं) बगळे बसले होते. ठाण्यात रिक्षा करून जिथून सायकल घेतली त्या दुकानात गेले. मिस्त्रींनी खटका दाबला. कट्. पुन्हा कट्.

“आजी, हा तर चालतोय.”

“काल चालत नव्हता हो.”

त्यांनी बोट आत फिरवून हुंगलं. “तेल कुठलं घातलंत?”

“खोबरेल. घरचं, गाळलेलं.”

“पहाटे गोठतं, उन्हात वितळतं. हे केसांना लावा, आजी.”

त्याच सकाळी मी न्हाणीघरातली गोठलेली खोबरेलाची बाटली उन्हात ठेवून निघाले होते. मिस्त्रींनी चहा मागवला, म्हणून हसू तरी लपवता आलं.

“द्या, साफ करून देतो.”

“नको. मी बिघडवलाय, मीच करते.”

“बरं. स्प्रिंग उडते, डोळे सांभाळा,” म्हणत त्यांनी पातळ तेलाची बाटली दिली.

दुपारी घरी येऊन पुन्हा आप्पेपात्र काढलं. स्प्रिंग उडालीच, फ्रिजखाली सापडली.

आज पहाटे हात गारठत होते. आजोबांनी कानटोपी चढवली, खटका दाबला. कट्. हलक्या गिअरवर निघाले.

क्रमाने केलं की काम चुकत नाही, असं मी तुम्हाला नेहमी सांगते. क्रम बरोबर होता, तरी चुकलं; माझं ते वाक्य तेवढं दुरुस्त करून घ्या. आजोबा पाऊण तासात येतो म्हणाले होते. आता दोन तास होत आले, पेपरची घडीसुद्धा मोडलेली नाही.

— आजी