अर्ध्या इंचाची फट

अक्रोडाच्या लाकडाच्या जमिनीवर मी आयुष्यात दोनदाच पाय ठेवला. पहिल्यांदा ठेवला तेव्हा माझ्या बाबांसारखा कारागीर अख्ख्या मुंबईत नाही, असं मला वाटलं होतं. दुसऱ्यांदा ठेवला तेव्हा ते माझ्या शेजारीच उभे होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मधे जेमतेम पाच महिने गेले होते.

बाबा मिलमध्ये सुतारखात्यात होते. मिलमध्ये सुतार कशाला, असं मला कॉलेजातल्या मैत्रिणी विचारायच्या. मला राग यायचा. कशाला म्हणजे काय? वरच्या मजल्यांची जमीन लाकडाची, जिने लाकडाचे, साच्यांचे, म्हणजे कापड विणायच्या मागांचे, कितीतरी भाग लाकडाचे. हे सगळं झिजायचं, तुटायचं आणि बाबा ते दुरुस्त करायचे. बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही.

सुतारखात्यात एक रीत होती. जमिनीची फळी बदलली की म्हातारा मिस्त्री खिशातून पोस्टकार्ड काढायचा आणि सांध्यात त्याची कड घालून बघायचा. कड आत गेली की फळी उखडायची आणि पुन्हा बसवायची. उगाच छळवाद नव्हता तो. फटीत कापसाचे तंतू जाऊन बसतात, आणि एक ठिणगी पडली की खातंच्या खातं पेटतं. भिंतीशीसुद्धा फट ठेवायची नाही. आणि तिथे हे जमायचंही, कारण सूत तुटू नये म्हणून मिलमध्ये बारा महिने खिडक्या बंद आणि हवेत पाण्याचा बारीक फवारा. बाहेर मे असो की ऑगस्ट, आतली हवा तीच. लाकूड फुगायचं नाही की आक्रसायचं नाही. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं अशा हवेत काढली, जिला ऋतूच नव्हते.

मग संप झाला. पहिले काही महिने आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत सगळे ताठ मानेने फिरत होते. वर्ष उलटलं तशा माना खाली गेल्या. पुढे मिल अर्धीमुर्धी सुरू झाली, बाबा गेटवर गेले, तर आत घ्यायच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. सुतारखातंच बंद केलं होतं. त्यांची निम्मी हत्यारं आतच राहिली. त्या दसऱ्याला त्यांनी घरातला एक रंधा, एक पटाशी आणि काटकोन बघायचा गुण्या पाटावर मांडून पूजा केली, आणि पाटाची उरलेली जागा तशीच मोकळी ठेवली. आईने तिथे फुलं ठेवायला हात पुढे केला तर म्हणाले, "थंय नको." आईने फुलं परत परडीत ठेवली. ती मात्र त्या दिवशी जेवली नाही.

तीन वर्षं त्यांनी पोळपाट केले, मोडकी स्टुलं सांधली, लोकांचे देव्हारे दुरुस्त केले. हात चालत होते, पण माणूस आतून विझत चालला होता. अशात प्रभादेवीच्या एका कंत्राटदाराने त्यांना बोलावलं. समुद्राकडे तोंड असलेल्या नव्या इमारतीत एका शेटला दिवाणखान्याला अक्रोडाची जमीन करून हवी होती. कंत्राटदाराने साफ सांगितलं, "हे काम नीट उतरलं, तर तुम्ही माझे कायमचे मिस्त्री." घरी येऊन बाबांनी हे वाक्य आईला तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आयकलंय ओ, भायर जावन सगळ्या चाळीक सांगा आता." खूप दिवसांनी आमच्या खोलीत कोणीतरी हसलं.

पहिल्या दिवशी त्यांनी रंध्यातून निघालेली एक कुरळी साल खिशातून आणून माझ्या तळहातावर ठेवली. कोको घातलेल्या दुधासारखा रंग, मधूनच जांभळट रेघ, वास किंचित कडवट. "रंधो कसो सुळसुळता म्हायत हा? सागासारखी धार खाणा नाय." बंदुकीचे दस्ते ह्याचेच करतात, म्हणाले, कारण धक्का पोटात घेतं आणि चिरत नाही. शिसवीपेक्षा मऊ, पण आकार धरून राहतं. ओल्या लोखंडाने त्याला काळानिळा डाग पडतो, म्हणून खिळे पितळी. आणि सगळ्यात नवल त्यांना ह्याचं होतं, की दुसरी लाकडं उन्हाने काळवंडतात आणि हे मात्र वर्षानुवर्षांच्या उन्हाने उजळतं. मला वाटतं, ते त्या लाकडाच्या प्रेमात पडले होते.

फळ्यांच्या गठ्ठ्यातून एक इंग्रजी छापील कागद निघाला होता. तो त्यांनी माझ्यासाठी घरी आणला. मी अकरावीत होते, घरातली एकटीच इंग्रजी वाचणारी. दुपारची वेळ होती, मी जिन्यावर बसून वाचत होते आणि बाबा एक पायरी खाली बसले होते. बरंचसं त्यांना ठाऊकच होतं. शेवटी लिहिलं होतं, की बसवण्याआधी फळ्या त्या खोलीत दोन आठवडे मोकळ्या ठेवाव्यात, आणि चारी भिंतींशी अर्धा इंच फट सोडावी.

"फट?" बाबा हसले. "अगो, फट म्हणजे आग."

"इथे तर तसंच लिहिलंय. लाकूड फुगतं म्हणे."

"ता चाळीचा दार फुगता. ह्या खोलयेत थंड हवेचा मशीन हा. खिडकेक काच. आमच्या मिलीसारखीच बंद हवा, फुगतला कित्याक?"

बोलणं पटण्यासारखं होतं. तरी ते थांबले आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले. "कंत्राटदाराक इचारू काय?" असं त्यांनी मला विचारलं. मला, सतरा वर्षांच्या पोरीला.

माझ्या डोळ्यांसमोर मिलचं गेट आलं. तिथल्या बाबूसमोर हात बांधून उभे असलेले बाबा मी पाहिले होते. आता पुन्हा ते कोणापुढे तरी अडाण्यासारखे उभे राहणार आणि तो कंत्राटदार म्हणणार, एवढं कळत नाही आणि मिस्त्री व्हायचंय? मला ते नको होतं. मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "राहू दे, बाबा. परदेशातल्या हवेसाठी लिहिलं असेल."

"माका तसाच वाटला," ते म्हणाले आणि हलक्या मनाने उठले.

होळीच्या सुमारास काम पुरं झालं आणि बाबा मला आणि आईला ते दाखवायला घेऊन गेले. आई दारातच थांबली; पाय मळके आहेत म्हणून आत येईना. मी गेले. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसंध, जणू एकाच झाडाची एकच फळी. कंत्राटदाराने तळवा फिरवून बघितला. बाबांनी खिशातून पोस्टकार्ड काढून त्याच्या हातात दिलं. त्याने सांध्यांत घालून बघितलं, भिंतीच्या कडेला घालून बघितलं, कुठेच शिरलं नाही. "मान गये, मिस्त्री," तो म्हणाला. बाबांना त्या क्षणी जे वाटलं असेल त्याची किंमत पुढे त्यांनी जन्मभर चुकवली.

उन्हाळ्यात शेट बायकामुलांना घेऊन परदेशी गेला. घराला कुलूप, थंड हवेचं मशीन बंद, समोर समुद्र आणि मग दोन महिने पाऊस. श्रावणात ते परत आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी कंत्राटदार आमच्या चाळीत आला, वर न येता खालूनच त्याने हाक मारली. बाबांचा चेहरा बघून मी कॉलेजची पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या आणि त्यांच्यामागे निघाले. एल्फिन्स्टनचा पूल ओलांडून प्रभादेवीपर्यंत बाबा कंत्राटदाराच्या दोन पावलं मागे चालत राहिले.

दिवाणखान्याच्या मधोमध जमीन वर उचलली गेली होती. खालून कोणी खांदा दिल्यासारखी. लाकडाला पसरायला जागा हवी होती, चारी बाजूंनी भिंती होत्या, म्हणून ते वर आलं. मी पाय ठेवला तेव्हा खालची पोकळी वाजली. बाबा खाली बसले आणि फुगलेल्या फळ्यांवरून हात फिरवू लागले, आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. एकही सांधा सुटला नव्हता. कामात खोट नव्हती, म्हणूनच सगळं गेलं होतं.

"कागद होता ना गठ्ठ्यात?" कंत्राटदार म्हणाला. "फट सोडायची लिहिलं होतं, लाकूडवाला मला आत्ता सांगतोय. वाचला नाही?"

मी तिथेच उभी होते. तोंड उघडायला एवढा वेळ होता, भरपूर होता.

"मला इंग्रजी येत नाही साहेब," बाबा म्हणाले. "वाचून दाखवायला कोणी नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कंत्राटदार माझ्या कॉलेजच्या पिशवीकडे बघत होता. मी गप्प राहिले. कितीही वर्षं झाली तरी त्या गप्प राहण्याची मला लाज वाटते, आणि ती कमी होईल अशी आशा मी केव्हाच सोडली आहे.

त्यानंतर त्यांना कोणी बोलावलं नाही. प्रभादेवीपासून दादरपर्यंत सगळ्या मिस्त्र्यांना ही गोष्ट ठाऊक झाली होती, थोडी मीठमसाला लावून. बाबांनी रंधा फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकला. पुढच्या दसऱ्याला पाट मांडलाच नाही. शेवटी क्रॉफर्ड मार्केटच्या मागे एका वखारीत ते आंब्याच्या पेट्या ठोकायला लागले. जुन्या खोक्यांच्या हलक्या फळ्या, हातोडी आणि खिळे. तिथे गुण्या लागत नाही, धार लागत नाही, बावीस वर्षांचा हात तर मुळीच लागत नाही.

मला नोकरी लागली त्या दिवशी पेढे घेऊन मी तिथे गेले. ते जमिनीवर बसून पेटी ठोकत होते. एक फळी ठोकली की दुसरी ठेवण्याआधी मधे आडवं बोट धरायचे, अंतर बघायचे आणि मग खिळा मारायचे. बाकीचे लोक नुसत्या अंदाजाने धडाधड ठोकत होते. बाबांच्या प्रत्येक पेटीतल्या फटी मात्र अगदी सारख्या होत्या.

मी बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं. "आंब्याक हवा लागता," ते म्हणाले. मग हातातली फळी खाली ठेवत हळूच म्हणाले, "लाकडाकय लागता. तू तेवा सांगितलंलंस गो. मियाच आयकलंय नाय."

इतकी वर्षं ते असंच धरून बसले होते. राहू दे, असं मी म्हटलं होतं हे ते विसरले होते, की मुद्दाम विसरले होते, मला कळलं नाही. मी पेढ्यांचा पुडा उघडला. त्यांनी हात सदऱ्याला पुसले आणि एक पेढा घेतला. खरं काय झालं होतं ते मी त्याही दिवशी सांगितलं नाही.