सात खणांची पेटी

नागपूरहून निघाले तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि नवऱ्याशी एक भांडण उरकूनही झालं होतं. त्याचं म्हणणं, हत्यारं ठेवायला प्लास्टिकचे डबे मिळत असताना जुन्या लोखंडी पेटीसाठी दुसऱ्या राज्यात कशाला जायचं? माझं म्हणणं, ज्याच्या हातोड्याला खिळ्याऐवजी अंगठा सापडतो त्यानं पेटीवर बोलू नये. मी इंजिनीअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करते, घरच्या गॅरेजमध्ये जुन्या स्कूटर दुरुस्त करते, आणि माझे पाने, कानशी, पकडी वर्षानुवर्षं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत खडखडत पडल्या आहेत. शेजारणीची व्हॅन मागून आणली, मागची सीट काढून टाकली आणि निघाले.

पेटीचा फोटो मी मोबाइलवर पाहिला होता. पोलादी, हिरवी, सात खणांची, दोन्ही बाजूंना उचलायच्या कड्या. मध्य प्रदेशात बालाघाटजवळ उकव्याच्या मँगनीज खाणीत काम केलेल्या एका फिटरची ती पेटी, आणि विकायला काढली होती त्यांच्या सुनेनं. भाव फोनवरच ठरला. पण ती शेवटी म्हणाली, "ताई, या तुम्ही, पण भरवसा नाई देत मी. बाबांनी तीन गिऱ्हाईकं वापस पाठवले." काहून (का) पाठवले, ते काही तिनं सांगितलं नाही. वीस वर्षं नागपुरात राहूनही मी मूळची साताऱ्याची. 'काहून' अजून माझ्या तोंडी बसत नाही, पण डोक्यात मात्र तो प्रश्न बालाघाटपर्यंत बसून राहिला.

भंडारा गेलं, गोंदियात तर्रीपोहे खाल्ले. बाघ नदीचा पूल ओलांडला आणि दुकानांच्या पाट्या हिंदी झाल्या. माणसं मात्र तीच, बोलणंही तेच. धानाची कापणी झालेली, शेतं मोकळी, बांधावर पळस. बालाघाटात शिरल्यावर मोबाइलच्या नकाशानं मला एका राइस मिलच्या अंगणात नेऊन सोडलं. तिथल्या हमालानं हसू आवरत रस्ता सांगितला आणि साडेदहाच्या सुमारास मी त्या फिटरच्या, मेश्रामजींच्या, फाटकाशी उभी राहिले.

सूनबाई, वंदना तिचं नाव, पाणी घेऊन बाहेर आली. समोरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली खुर्चीत मेश्रामजी. पंच्याहत्तरीच्या पुढचे, उंच, शर्टाच्या खिशाला पेन. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

"काय ठेवसान पेटीत?"

"हत्यारं," मी म्हटलं.

"पहिला म्हणे, यावर टीव्ही राहीन का. दुसऱ्याले हॉटेलात फुलं ठेवाची होती." ते माझ्याकडे रोखून पाहत होते. "हात दाखवा."

मी हात पुढे केले. या हातांवरून आजवर मला सासूची बोलणी खावी लागली आहेत. त्यांनी नखं पाहिली, तळव्यावरचा घट्टा पाहिला. "ग्रीस हाये," ते म्हणाले. "मंग पाहा."

पेटी मागच्या पडवीत होती. जुनी पेटी आणि जुनं स्थळ, मागून पाहिल्याशिवाय पसंत करू नये असं माझं मत आहे. समोरून रंग मारला की सगळंच गोंडस दिसतं. म्हणून मी एकेक खण पूर्ण बाहेर काढते, उलटा करते, मागच्या पत्र्यावर बोट फिरवते, गंज कुठवर गेलाय ते पाहते. मेश्रामजी शेजारी स्टूल घेऊन बसले. हत्यारं अजून आतच होती, प्रत्येकावर पंचनं ठोकलेली दोन अक्षरं: सु. मे. सुखदेव मेश्राम. पहिला खण लोण्यासारखा आला, दुसराही. तिसऱ्या खणात जाड लोकरी कापडावर धनुकलीच्या आकाराची एक रिकामी जागा दबलेली होती.

"इथं काय होतं?"

पडवीतली हवाच बदलली. मेश्रामजींची मान ताठ झाली.

"मायक्रोमीटर. माह्या पगारातून घेतलं होतं. गेलं. चोरी गेलं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पटले नावाचा एक हेल्पर त्यांच्या हाताखाली होता, किरनापूरकडचा. कामात तेज. चोवीस वर्षांपूर्वी एका दुपारी मायक्रोमीटर, केसाची जाडी मोजणारं ते हत्यार, सापडेना, आणि पेटीला हात लावायची मुभा त्या एकट्यालाच होती. चारची पाळी सुटताना गेटवर, सगळ्यांच्या देखत, मेश्रामजींनी त्याला चोर म्हटलं. महिनाभरात तो नोकरी सोडून गावी निघून गेला. "चोर नसता तर पळाला काहून असता?" त्यांनी मलाच विचारलं.

वंदनानं आतून गोळीची आठवण करून दिली तसे ते उठून गेले. मी उरलेले खण काढत राहिले. सगळ्यात खालचा नीट बसत नव्हता, दोन बोटं बाहेरच राहायचा. रिटायर झाल्यावर टेम्पोतून आणताना बॉडी वाकली असं ते मघाशी म्हणाले होते. वाकलेली पेटी मी घेत नाही. खण उचलून बाहेर ओढला आणि मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं. बॉडी सरळ होती. मागच्या पत्र्याशी काहीतरी अडकलेलं होतं. हात घातला, कोपरापर्यंत खरचटलं, आणि काळपट, जड, धनुकलीसारखी वस्तू माझ्या हातात आली. अंगठ्यानं पुसली. सु. मे.

तिसऱ्या खणाच्या मागून ते पूर्वीच कधीतरी निसटून आत अडकलं असणार, आणि टेम्पोच्या धक्क्यांनी तळाशी आलं असणार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

वर पाहिलं तर दारात वंदना, हातात चहाचा ट्रे. तिला सगळं कळलं होतं.

"ताई, बाबांले सांगू नका," ती कुजबुजली. "मागच्या साली अटॅक येऊन गेला त्यांले. पेटीसंगं घेऊन जा ते. तुमच्या पाया पडतो."

खरं सांगते, मी ते ओढणीखाली लपवलंसुद्धा. मला पेटी हवी होती आणि म्हाताऱ्याचा जीव माझ्या हातून जायला नको होता. पण चोवीस वर्षं एक माणूस चोर म्हणून जगतोय आणि तो चोर नाही हे या क्षणी जगात फक्त आम्हा दोन बायकांना माहीत आहे, याचा मला दरदरून घाम फुटला. भर जानेवारीत.

"ओढणीखाली काय हाये?"

मेश्रामजी वंदनाच्या मागे उभे होते. मी हात बाहेर काढला. त्यांनी मायक्रोमीटर घेतलं, खूप वेळ अक्षरांवरून अंगठा फिरवला. वंदनानं त्यांचा दंड धरला होता. ते पडले नाहीत, रडले नाहीत. फक्त चेहरा राखेसारखा झाला.

"तुमच्या गाडीत जागा हाये का?" त्यांनी विचारलं. "किरनापूरले जाचं हाये."

पेटी आम्ही दोघींनी शेजारच्यांच्या मदतीनं व्हॅनमध्ये चढवली. "आता घरात नोको," एवढंच ते म्हणाले. वंदनानं गोळ्यांची पुडी माझ्या पर्समध्ये घातली आणि कुठली कधी द्यायची ते दोनदा सांगितलं. किरनापूरच्या रस्त्यावर मेश्रामजी पुढे माझ्या शेजारी बसले होते. प्रत्येक खड्ड्याला मागे सात खण एकदम वाजायचे आणि मी त्यांच्या छातीकडे बघायची.

पटल्यांचं घर चटकन सापडलं. ते अंगणात बसून सायकलच्या चाकाचे आरे कसत होते. साठीचे, ठेंगणे, पांढऱ्या मिशा. मेश्रामजींना पाहून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, उठले नाहीत. मेश्रामजींनी मायक्रोमीटर पुढे धरलं.

"पेटीतच होतं पटले. मागं पडलं होतं. माह्याकडून चुकी झाली. माफ कर."

पटल्यांनी त्या वस्तूला हात लावला नाही. घरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"चोर कहाँ बोले थे मिस्त्री?" त्यांनी विचारलं.

"गेटवर."

"कितने लोग थे?"

"पुरी पाळी होती."

"और माफी मेरे आँगन में? अकेले में?" त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. "जहाँ बोले थे, वहीं बोलो."

मी मध्ये पडले. माझा स्वभावच तसा. म्हटलं, काका, यांची तब्येत बरी नाही, उकवा इथून उलट्या दिशेला, घाट आहे, आणि तेव्हाचं कोण असणार आता गेटवर? पटल्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मेश्रामजी मात्र व्हॅनकडे चालू लागले. "चारले पाळी सुटते," ते म्हणाले. "चल पटले."

मग तिघं. पटले मागे, पेटीला टेकून, पत्र्यावर मांडी घालून. बालाघाटच्या स्टँडसमोर मी तीन आलूबोंडे घेतले. एकाच पुड्यातले, पण तिघांनी तीन दिशांना तोंडं करून खाल्ले. बैहरचा रस्ता लागला, जंगल दाट होत गेलं, बांबूची बेटं, वळणावर वळणं. एरवी मी अशा घाटात दहादा थांबून फोटो काढले असते. त्या दिवशी डोळा घड्याळावर आणि कान शेजारच्या श्वासावर. एका वळणावर मेश्रामजींनी छातीवर हात ठेवला. मी ब्रेक दाबला. "थांबू नका," ते म्हणाले. मागून पटल्यांचा आवाज आला, "पानी दो मिस्त्री को." एवढंच.

चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही खाणीच्या गेटवर पोचलो. कामगारांची बस उभी होती, इंजिन चालू. गार्डनं मला व्हॅन हलवायला सांगितली, मी हलवली नाही, त्यानं शिट्टी फुंकली, आमची चांगलीच जुंपली. तेवढ्यात पाळी सुटली. धुळीनं काळवंडलेली तरुण पोरं, डोक्याला हेल्मेट, हातात मोबाइल. मेश्रामजी बसच्या दाराशी जाऊन उभे राहिले, म्हणजे कुणाला टाळून जाता येऊ नये.

"मैं सुखदेव मेश्राम. यहाँ फिटर था. इसी गेट पे मैंने पटले को चोर बोला था. पटले चोर नहीं था. सामान मेरी ही पेटी में था."

आवाज चिरकत होता. बसच्या घरघरीत अर्धं वाहून गेलं. पोरं थबकली, एकमेकांकडे पाहू लागली, कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, झालं, आता या माणसाला घरी नेऊ दे देवा.

"सुनाई नहीं दिया," पटले मागून म्हणाले.

मला त्या क्षणी पटल्यांचा भयंकर राग आला. मेश्रामजींना आला नाही. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहून हात जोडले. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मग त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, आणि यावेळी गार्डसुद्धा ऐकत राहिला.

गर्दीतला एक पोरगा म्हणाला, "कौन पटले?"

पटल्यांनी हात वर केला. शाळेत हजेरीला करतात तसा, सरळ.

"मैं. मैं हूँ पटले."

"अच्छा, काका," पोरगा म्हणाला आणि बसमध्ये चढला. त्याच्यामागे बाकीचे चढले. बस निघून गेली. पटल्यांचा हात त्यानंतरही थोडा वेळ वरच होता.

गेटसमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मेश्रामजींना गोळी दिली. त्यांनी कपात बघत विचारलं, "झालं का रे पटले?"

पटल्यांनी मिशी पुसली. इतका वेळ हिंदीत बोलणारा माणूस पहिल्यांदा मराठीत बोलला. "तुमचं झालं मिस्त्री. मले टाइम लागन."

"हौ," मेश्रामजी म्हणाले.

पटल्यांना बालाघाटला किरनापूरच्या बसमध्ये बसवून दिलं. मी त्या रात्री वंदनाकडेच राहिले. तिनं चिन्नोर (बालाघाटचा सुवासिक तांदूळ) शिजवला होता आणि सासऱ्यांना दोनदा वाढला. सकाळी निघताना मेश्रामजींनी स्वतः खणांच्या पट्ट्यांना तेल दिलं. मायक्रोमीटर त्यांनी तिसऱ्या खणात त्याच्या जागी ठेवलं. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "राहू द्या. कामाची वस्तू हाये, कामात घ्या."

पेटी आता माझ्या गॅरेजमध्ये आहे. गंज नाही, बॉडी सरळ, सातही खण पूर्ण बसतात. वस्तू म्हणून मी उत्तम पारख केली, हे नवऱ्यानंही कबूल केलं. पण परतीच्या वाटेवर बाघ नदीपासून नागपूरपर्यंत मला पेटीचं काही सुचत नव्हतं. मी तोंडाळ बाई आहे. माझी जीभ सुटते ती चारचौघांत, आणि परत घ्यायची वेळ आली की मी कोपरा शोधते, हळू आवाजात, चहाच्या निमित्तानं. दिवाळीपूर्वी वर्कशॉपमधल्या आमच्या वेल्डिंगच्या सरांना मी मुलांसमोर कामचुकार म्हटलं होतं. त्यांची बायको दवाखान्यात होती हे मला नंतर कळलं. माफी मागितली होती मी, स्टाफरूममध्ये, दोघंच असताना. "जाऊ द्या हो मॅडम," ते म्हणाले होते, आणि मी ते खरं मानून मोकळी झाले होते.

सोमवारी वर्कशॉपच्या दाराशी मी बराच वेळ उभी राहिले. आत त्याच वर्गाची मुलं होती, सर त्यांना काहीतरी दाखवत होते. मग आत गेले आणि आधी सगळी मशिनं बंद करायला सांगितली.