दात बसवायला दौंडला

पावसाळ्यात पायरियानं ह्यांचे वरचे पुढचे चार दात गेले. हे आमच्या शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारची उपासना चालवत. दात गेले तसे मागच्या बाकावर तोंडापुढं रुमाल धरून बसू लागले. घरातली जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा माझ्यावर आली. शेवटी मीच म्हटलं, दौंडला दातांचे डॉक्टर आहेत, जाऊन तरी येऊ.

सकाळच्या एस.टी.नं न्हावरं, पुढं बैलगाडीनं वडगाव रासाई. तिथं भीमा नावेतून ओलांडायची. काठाला चिखल फार, जुन्या चपला घालाव्यात. नाववाले आप्पा ओळखीचे.

"मास्तर, नावंत बसलं की तुमचं भजन ठरल्यालं. आज नदीवर रुसला व्हय?"

हे पाण्याकडंच बघत राहिले. मी दातांचं सांगितलं. आप्पांनी वल्हं थांबवलं.

"माझं तर समदंच गेलं. पर मला कोन ऐकतंय? तुमचं तसं न्हाई."

नदीपलीकडं केडगावला पॅसेंजर मिळाली. दौंडला ह्यांच्या आतेबहिणीकडं उतरलो, भाकरी-चटणी बरोबर होतीच, खर्च तिकिटांचाच.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. शेजारचे धड दात घासून बारीक करून त्यांच्या आधारानं कायमचे बसवायचे, तर पुण्याला जावं लागेल आणि पैसाही बराच. नाहीतर तारेची कवळी, रात्री काढून पाण्यात ठेवायची. देवानं ठेवलेले दात घासायला हे तयार होईनात. कवळीचं ठरलं, माप घेतलं.

दुसऱ्या दिवशी मेणात रोवलेले दात बघण्यापुरते बसवून डॉक्टर म्हणाले, "काहीतरी मोठ्यानं म्हणा."

ह्यांनी डोळे मिटले आणि प्रभूची प्रार्थना सुरू केली. बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली. डॉक्टर हातातला चिमटा तसाच धरून उभे राहिले. आमेन झाल्यावर त्यांनी ते दात काढून डबीत ठेवले. पक्की कवळी पंधरवड्यानं मिळणार होती. आम्ही तर दात घेऊनच परतायच्या हिशेबानं आलो होतो. जाणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

दातांशिवायच घरी परतलो.

घरी ताटं वाढली. मी डोळे मिटून सुरुवात करणार, तोच ह्यांचा आवाज आला. दातांशिवायचा. 'स' नुसता वारा होऊन जात होता. धाकट्या लेकीला हसू आवरेना, पण मी तिला दटावलं नाही. हे थांबले नाहीत. मंडळीतल्या आजाऱ्यांची, नाववाल्या आप्पांची, डॉक्टरांची, एकेकाची नावं घेत राहिले, आणि आम्ही निवत चाललेल्या भाकरीपुढं बसून ऐकत राहिलो.