धुरी ड्रायव्हरांची तापलेली गाडी

चारकोपचे सीताराम धुरी जन्मभर बेस्टच्या बसवर ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर गावी जाऊन काजूची कलमं लावायची, असं त्यांचं आणि विमलाबाईंचं ठरलेलं. पण एका सकाळी हातातला चहाचा कप सुटला. पॅरालिसिसचा अटॅक. हळूहळू पाय सावरला, बोलणं सावरलं. डावा हात मात्र खांद्याला नुसता लटकत राहिला.

फिजिओच्या मॅडमनी दाबायला रबरी चेंडू दिला. धुरींनी तो दोन दिवस दाबला आणि सोफ्याखाली लोटून दिला. ज्या हातांनी अख्खी बस वळवली, त्यांनी आता चेंडू दाबायचा? ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. विमलाबाईंनी वाढलेलं ताट अर्धंच परत जायचं.

मुलगी तेजल नोकरीला हैदराबादला. तिचा गेम खेळायचा मोठा कॉम्प्युटर घरीच राहिला होता. दिवाळीला ती आली ती एक स्टिअरिंग घेऊन. ते तिने टेबलाला घट्ट बसवलं, खाली पेडल ठेवली आणि बस चालवायचा गेम लावून दिला.

"बसा बाबा. गाडी काढा."

"येडी की काय तू?" असं म्हणत धुरी बसले, ते विमलाबाईंनी ताट वाढलं तरी उठेनात. परदेशातलं कुठलंतरी शहर, रिकामे रस्ते, शिस्तीत उभी माणसं. वळण मोठं आलं की एकटा उजवा हात पुरत नसे; मग डावा कसाबसा वर येऊन चाकाला टेकायचा. आधी नुसता टेकला. संक्रांतीपर्यंत बोटं वळायला लागली. धावत येणाऱ्या पॅसेंजरसाठी धुरी बस थांबवून ठेवत. उशीर झाला म्हणून गेम त्यांचे मार्क कापायचा. "काप," ते म्हणत, "म्हातारी मागे राहिली असती ना."

मे महिन्यात गाडी बिघडली. थोडं चालवलं की चित्र अडखळायचं, रस्त्यावर रंगीत चौकोन उमटायचे, कॉम्प्युटरचे पंखे घोंघावायचे आणि स्क्रीन काळी. दोनचारदा असं झाल्यावर धुरी परत भिंतीकडे वळले. विमलाबाईंनी घाबरून तेजलला फोन लावला.

तेजलने हैदराबादहून त्यांची स्क्रीन आपल्याकडे उघडली आणि गेम चालू करायला सांगितला. "बाबा, चित्र काढणारं जे ग्राफिक्स कार्ड आहे ना, त्याची मुख्य चिप ठीक आहे, सत्तर डिग्रीच्या आसपास. पण त्याच कार्डावरची मेमरी बघा. एकशे सहा!"

धुरी जरा उठून बसले. "म्हणजे इंजिन थंड आणि गिअरबॉक्स तापलाय म्हण की."

"बरोब्बर!" तेजल हसली. "तसंच समजा."

तिच्या सांगण्यावरून त्यांनी कॉम्प्युटर शोकेसच्या कोंदट कप्प्यातून बाहेर काढला, जाळीतली धूळ साफ केली, गेममधल्या सावल्या नि झगमगाट कमी केला. आकडा थोडा उतरला, पण गेम चालू ठेवला की पुन्हा चढायचा. शेवटी तेजलने मालाडच्या मिथुन तायडेचं नाव दिलं. स्टेशनजवळच्या गाळ्यात तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. धुरी आणि विमलाबाई रिक्षात मशीन मांडीवर घेऊन गेले.

मिथुनने कार्ड उघडून दाखवलं. मेमरीच्या चिप आणि वरची धातूची पट्टी यांच्यामध्ये मऊ पॅड होते, चिपची उष्णता पट्टीला पोचवणारे. ते सुकून भाकरीच्या कडेसारखे कडक झाले होते. त्याने नवे लावले, गेम चालू केला, आणि आकडा एकशे आठवर गेला. आधीपेक्षा जास्त.

विमलाबाईंनी धुरींकडे पाहिलं. धुरींचा चेहरा उतरला.

मिथुन मात्र सरळ म्हणाला, "काका, चूक माझी. पॅड पातळ पडले, वरच्या पट्टीला टेकतच नाहीयेत. जाड मागवतो. परवा या, आणि मजुरी नाही घेणार मी."

ठरल्या दिवशी दोघं परत गेले. मिथुनने पॅड कापून ठेवले होते. त्याने धुरींचा अधू डावा हात आधीच पाहिला असावा. एक पॅड पुढे करत तो म्हणाला, "वरचं पातळ प्लॅस्टिक काढायचंय, काका. काढता?"

धुरींनी उजवा हात पुढे केला.

"डाव्याने बघा ना. मला घाई नाही."

पहिला पॅड खाली पडला. दुसराही. दारात एक गिऱ्हाईक ताटकळलं होतं, त्याला मिथुनने हातानेच थांबवलं. धुरींच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या पॅडचं टोक अंगठ्यात सापडलं, आणि ते प्लॅस्टिक हळूहळू सोलून निघालं. तोच पॅड धुरींनी स्वतःच्या बोटाने चिपवर दाबून बसवला.

"झकास," मिथुन म्हणाला आणि उरलेले त्याने भराभर लावले.

गेम चालू झाला. सत्तर. शहात्तर. ब्याऐंशी. तिघं बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. तो ब्याऐंशीच्या वर जाईना.

धुरी काही फार बोलणारा माणूस नव्हे. डेपोत साहेबालासुद्धा ते नुसती मान हलवत. त्यांनी मिथुनपुढे हात जोडायला उचलले. उजवा आधी छातीशी आला आणि थांबला. डावा सावकाश वर आला आणि उजव्याला भिडला. आजारपणानंतर दोन्ही हात पहिल्यांदाच असे जुळले होते. विमलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"अहो काका, काय हे," मिथुन गडबडला.

"राहू दे रे," धुरी म्हणाले. "जोडता आले म्हणून जोडले."

घरी येताच त्यांनी तेजलला फोन केला. "पोरी, तुझं यंत्र नसतं ना, तर मी असाच पडून राहिलो असतो." फोन ठेवून ते स्टिअरिंगशी बसले. मग विमलाबाई त्यांच्या मागे स्टूल घेऊन बसल्या. "माका त्या गेमातली नदीवरची वाट दाखवा," त्या म्हणाल्या, "पण सावकाश हाका."

पुढच्या महिन्यात गावाहून कोकमाचं आगळ आलं. त्यातली एक बाटली धुरींनी मालाडला, मिथुनच्या गाळ्यात स्वतः नेऊन दिली. सरबत कसं करायचं, तेही काउंटरशी उभं राहून त्याला नीट समजावलं.